तीन पत्ती येणाऱ्या मित्रांना पैसे लावून पोकर कसं शिकवावं?

पाडव्याचा_यजमान

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या संध्याकाळी घरी सहाजण जमणार आहेत. सगळ्यांना तीन पत्ती येते, दोघांना रमीही उत्तम येते, पोकर मात्र माझ्याखेरीज कुणालाच नाही. टेक्सास होल्डेम (हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच) शिकवायचा विचार आहे. तीनशे चिप्सचा डबा आणलाय: पांढऱ्या १००, लाल १००, हिरव्या ५०, काळ्या ५०. चिप्सवर आकडे छापलेले नाहीत.

थोडे का होईना पैसे लावूनच खेळायचं आहे, कारण फुकटात खेळलं की प्रत्येकजण प्रत्येक डाव शेवटपर्यंत ओढतो. आधी काय शिकवावं, पैसे किती ठेवावेत, चिप्स कशा वाटाव्यात आणि भांडणं कुठे होतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

किलवर_दुर्री

तीन पत्ती येणाऱ्याला पोकर शिकवणं काहीच न येणाऱ्यापेक्षा अवघड. त्याला पानांची भीती नसते हे खरं, पण शब्द तेच आणि अर्थ वेगळे, त्यामुळे तो अर्ध्या तासात तुमच्याशी वाद घालायला लागतो. म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त 'काय विसरायचं' यावर घालवा.

सगळ्यात आधी 'ब्लाइंड'. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये पानं सगळेच बघतात. इथे ब्लाइंड म्हणजे दोघांनी पानं वाटण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम, म्हणजे तुमच्या 'बूट'चाच भाऊ. फक्त तो सगळ्यांनी न टाकता डीलरच्या डावीकडच्या दोघांनी टाकायचा, पहिल्याने लहान आणि दुसऱ्याने मोठा. डीलरचं बटण (वाटणारा कोण याची खूण) प्रत्येक डावाला एक घर पुढे सरकतं, म्हणून पाळी सगळ्यांवर येते.

दुसरं, 'शो'. इथे शो विकत घ्यावा लागत नाही. शेवटचं बेटिंग संपलं की उरलेले सगळे पानं उघडतात, मग दोन असोत की चार. साइड शो हा प्रकारच नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तीन पत्तीत आपली पाळी आली की चाल टाका नाहीतर पॅक व्हा. पोकरमध्ये पुढे कुणी पैसे टाकले नसतील तर 'चेक' म्हणून फुकटात थांबता येतं. नवखे इथे हमखास पॅक होतात, फुकट पुढचं पान बघायला मिळत असताना! पहिल्या तासात असं कुणी पॅक करायला लागलं तर खुशाल थांबवा.

आता पानांची उतरंड. खालची यादी छापून प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या, वरचं भारी:

स्ट्रेट फ्लश (तुमचा प्युअर, पण पाच पानांचा)
चार सारखी
फुल हाउस (तीन सारखी अधिक एक जोडी)
फ्लश (कलर)
स्ट्रेट (सिक्वेन्स)
तीन सारखी (ट्रेल)
दोन जोड्या
एक जोडी
मोठं पान

दोन ठिकाणी सगळे अडखळतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलटं. कारण सांगितलं की पटतं. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते भारी, नियम एकच. (तीन पत्ती स्वतः मात्र हा नियम पुरता पाळत नाही. ट्रेलचे ५२ हात आणि प्युअरचे ४८, तरी ट्रेल वर.)

दुसरं म्हणजे ट्रेल. तीन पत्तीत ट्रेल आला की माणूस घर गहाण टाकायला तयार होतो. इथे तीन सारखी खालून चौथी आहेत. समोर एकाच रंगाची चार पानं पडलेली असताना तीन राण्यांवर सगळं लावणारा नवखा प्रत्येक टेबलावर असतो.

आणि हो, एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स असतो. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा चालत नाही.

---

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला +१. मी पैशांचं लिहितो.

ब्लाइंड १ आणि २ रुपये, प्रत्येकाचे सुरुवातीचे २०० रुपये. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. एवढी खोली असली की चार फेऱ्यांचा खेळ नीट खेळता येतो. वीस-तीस पटींवर बसवलंत तर दुसऱ्याच बेटला सगळे ऑल-इन होतात, म्हणजे असतील तेवढ्या चिप्स लावून टाकतात, आणि शिकायला काही उरत नाही.

तुमच्या डब्याचा हिशेब: पांढरी १, लाल ५, हिरवी २० रुपये. माणशी १५ पांढऱ्या (१५), १३ लाल (६५), ६ हिरव्या (१२०), बेरीज २००. सहाजणांना ९० पांढऱ्या, ७८ लाल, ३६ हिरव्या लागतील. काळी १०० रुपयांची धरा आणि ती फक्त परत पैसे घालणाऱ्याला द्या. तो ती टेबलावरच मोडून घेतो, सुट्टे फिरत राहतात.

नुसत्या ब्लाइंडचा खर्च म्हणाल तर सहाजणांत एका फेरीला ३ रुपये. नवख्यांचे तासाला वीसेक डाव होतात, म्हणजे तासाला साधारण १० रुपये. पानं न खेळता बसून राहिलं तरी खिशाला भोक पडत नाही, हे आधीच सांगा. नाहीतर 'पैसे चाललेत' म्हणून लोक कचऱ्यावर खेळतात.

बाकी शिस्त अशी:

बँकर एकच. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे आत किती आले ते लिहायचं, शेवटी चिप्स मोजून किती निघाले ते. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. फरक आला तर बहुतेक वेळा मधेच घातलेले दोनशे रुपये लिहायचे राहिलेले असतात.

पैसे आधी घ्यायचे, रोख किंवा यूपीआयने बँकरकडे. 'नंतर देतो' हे वाक्य टेबलावर चालू द्यायचं नाही. आपापसांत उसनवारी नाही.

परत पैसे घालायची मुभा दोनदाच, २००-२०० ची. म्हणजे कुणाचंही नुकसान ६०० च्या वर जात नाही. हा आकडा आमंत्रण देतानाच सांगा, खेळताना नाही. ज्याला ६०० जास्त वाटतात त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागू नये.

उठायची वेळ ठरवा. साडेअकरा म्हणजे साडेअकरा, त्यानंतर बटणाची एकच शेवटची फेरी. हरणारा 'अजून एक तास' म्हणतो आणि सगळ्यात मोठे फटके त्याच तासात बसतात.

टेबलावरच्या चिप्स डावाच्या मधे खिशात टाकायच्या नाहीत, आणि डाव चालू असताना वाढवायच्याही नाहीत.

---

पाडव्याचा_यजमान

हिशेबनीस, कमाल! चिप्सचं गणित तंतोतंत बसलं. पण प्रत्यक्ष शिकवायचं कसं? सगळे नियम एकदम सांगितले तर पोरं झोपतील.

---

पाचवं_पान

नियम सांगूच नका. उघडी पानं टाकून खेळवा.

पहिले पाच-सहा डाव सगळ्यांचे पत्ते उघडे, पैसे नाहीत, चिप्स मात्र खऱ्यासारख्या टाकायच्या. दोन-दोन पानं वाटा. बोलायची पाळी मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून. प्रत्येकाला तीनच पर्याय द्या: तेवढेच टाक, वाढव, किंवा पॅक हो. मग तीन पानं मध्ये (फ्लॉप), परत बोलणं, चौथं पान (टर्न), बोलणं, पाचवं (रिव्हर), शेवटचं बोलणं. फ्लॉपपासून पुढे पहिली पाळी बटणाच्या डावीकडच्याची, म्हणजे लहान ब्लाइंडची, हे तीन वेळा सांगावं लागतं.

प्रत्येक डावाअखेरीस 'आता कोण जिंकलं?' हे तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या. सात पानांतून उत्तम पाच हे डोळ्यांना दिसायला लागेपर्यंत पैशाला हात लावायचा नाही.

फेरी कधी संपते हे तीन पत्तीवाल्यांना लवकर कळत नाही, कारण तिथे चाल फिरतच राहते. इथे दोन अटी: प्रत्येकाला बोलायची संधी मिळाली पाहिजे, आणि डावात असलेल्या सगळ्यांचे पैसे सारखे झाले पाहिजेत. फ्लॉपआधी सगळ्यांनी नुसते २-२ टाकले तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला वाढवायचा हक्क शिल्लक असतो. घाईत फ्लॉप उघडून टाकला जातो, बघा.

त्यानंतर दहा डाव बंद पानांनी, पण शेवटी पॅक झालेल्यांनीही पानं दाखवायची. 'हे का टाकलंस, हे का ठेवलंस' ही चर्चा इथेच होऊ दे. मग चहा. चहानंतर पैसे, आणि त्यानंतर चालू डावावर चर्चा बंद. तुम्ही पॅक झालेले असलात तरी 'अरे, तिथे फ्लश लागतोय' म्हणायचं नाही.

कॅटबद्दल. वेगवेगळ्या पाठीचे दोन कॅट घ्या, प्लास्टिकचे. एकजण वाटतो तोवर दुसऱ्याने दुसरा पिसायचा, वेळ खूप वाचतो. हातावर नुसतं खालीवर पिसून पानं नीट मिसळत नाहीत. टेबलावर पालथी पसरून मिनिटभर कालवा, मग पिसा. जोकर काढून टाका, पण एक ठेवा: पिसून काटल्यावर तो कॅटच्या तळाशी लावला की सगळ्यात खालचं पान कुणाला दिसत नाही. फ्लॉप, टर्न, रिव्हर प्रत्येकाआधी एक पान पालथं बाजूला टाकायचं. वरच्या पानाला डाग किंवा दुमड असेल तर ते आधीच ओळखू येतं, म्हणून ते जळतं.

---

गुलामचोर

पैसे लावायचेच तर नो-लिमिट (कितीही लावायची मुभा) कशाला? पहिल्या दिवशी लिमिट खेळा. फ्लॉपपर्यंत २-२ नेच वाढवायचं, टर्न-रिव्हरला ४-४ ने, एका फेरीत जास्तीत जास्त तीनदा वाढवायचं. एका डावात कुणी उघडं पडत नाही आणि नवखा बिनधास्त शिकतो.

---

किलवर_दुर्री

लिमिटमध्ये नवखा पैसे वाचवतो हे मान्य, पण 'किती लावायचं' हे शिकत नाही आणि पोकरचं अर्धं शहाणपण तिथेच आहे. ४० च्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैशांत) २ रुपये लावले तर समोरचा कुठल्याही आशेवर राहतो. ३ च्या पॉटमध्ये २०० लावले तर कमी दर्जाची पानं पळून जातात आणि राहतो तो तुम्हाला मारणाराच. हे दोन्ही प्रकार नो-लिमिटमध्ये पहिल्या दिवशी होणार, होऊ द्या. १-२ च्या टेबलावर सुरुवातीचं वाढवणं ६ रुपयांपर्यंत, आधी कुणी २ टाकून बसले असतील तर प्रत्येकामागे आणखी २. फ्लॉपनंतर पॉटच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. सुरुवातीला एवढं पुरे.

फार काळजी वाटत असेल तर टूर्नामेंट ठेवा. प्रत्येकी २०० भरले की नुकसान तिथेच संपलं. १५०० गुण प्रत्येकी, ब्लाइंड १०-२०, १५-३०, २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, २००-४००, पायरी पंधरा मिनिटांची. सहाजणांचे एकूण गुण ९,०००. २००-४०० ला पोचलं की अख्ख्या टेबलावर मिळून वीस-बावीस मोठे ब्लाइंड उरतात, त्यामुळे दोन तासांच्या आसपास निकाल लागतोच. बक्षीस पहिल्याला ८००, दुसऱ्याला ४००. तोटा एकच: पहिल्या वीस मिनिटांत बाद झालेला पाडव्याच्या दिवशी फराळाच्या ताटाकडे बघत बसतो.

---

गुलामचोर

हे पटलं. रोख खेळच बरा.

---

तिसरा_पंच

भांडणं कुठे होतात ते विचारलंत. क्रमाने नाही, आठवतील तशी लिहितो.

तीन जोड्या. समोर एक्का-एक्का-राजा-राजा-दश्शी. एकाच्या हातात दोन नव्व्या, दुसऱ्याकडे दोन राण्या. नव्वीवाला म्हणतो 'माझ्या तीन जोड्या, त्याच्याही तीन, बरोबरी'. तीन जोड्या असं काही नसतं. पानं पाचच. एकाची एक्के-राजे आणि दश्शी, दुसऱ्याची एक्के-राजे आणि राणी. राणीवाला जिंकला. नव्व्या हवेत गेल्या.

किकर, म्हणजे जोडीबरोबरचं सुटं पान. दोघांकडे एक्का, समोर एक्का-नव्वी-सत्ती-चौकी-दुर्री. एकाकडे जोडीला राजा, दुसऱ्याकडे राणी. राजा जिंकतो. पण समोर एक्का-राजा-राणी-गुलाम-नव्वी असेल आणि हातांत एक्का-अठ्ठी, एक्का-पंजी, तर दोघांचे उत्तम पाच सारखेच: दोन एक्के, राजा, राणी, गुलाम. पॉट वाटून. अठ्ठी मोजायचीच नाही.

रंगाचा मान. इस्पिक मोठं की बदाम मोठं हा वाद इथे नाही. चारही सारखे. वाटताना एक रुपया उरला तर तो बटणाच्या डावीकडून पहिल्या बसलेल्याला.

'तुझे दहा... आणि वर वीस!' सिनेमात छान दिसतं. खेळात दोन हप्त्यांत चिप्स टाकायच्या नाहीत, कारण पहिल्या हप्त्यानंतर समोरच्याचा चेहरा वाचता येतो. वाढवायचं असेल तर आधी तोंडाने आकडा बोला, नाहीतर सगळ्या चिप्स एकाच वेळी पुढे करा. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती बरोबरी धरायची. पुढे २ आहेत आणि कुणी गुपचूप हिरवी टाकली तर ते २ च, अठरा परत.

किमान वाढ. आधीची वाढ जेवढी होती तेवढी तरी हवी. २ वर कुणी ६ केले म्हणजे ४ ची वाढ झाली, तर पुढचा किमान १० करणार. ७ करता येत नाही.

पाळी सोडून बोलणं. नवखा पानं बघताच 'पॅक!' म्हणून फेकतो. त्यामुळे आधीच्याला फुकट माहिती मिळते. दोनदा समजवा, तिसऱ्यांदा ओरडा.

पानं बोलतात. तोंडाने 'जोडी आहे' म्हटलं आणि पानांत स्ट्रेट निघाला तर स्ट्रेट धरायचा. पण पानं पालथी ढिगाऱ्यात गेली की गेली. जिंकलेलं पान फेकून मग हळहळणारा दर दिवाळीला एक असतोच.

आता साइड पॉट, हा कागदावर करून दाखवा. अ कडे ४०, ब कडे १२०, क कडे २००, तिघेही ऑल-इन. सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात: तिघांचे ४०-४० काढा, मुख्य पॉट १२०. ब आणि क चे पुढचे ८०-८०, बाजूचा पॉट १६०. क चे उरलेले ८० कुणी बरोबरीला न आल्यामुळे क ला परत. आधी बाजूच्या पॉटचा निकाल लावा, ब विरुद्ध क. मग मुख्य पॉट तिघांत. अ ची पानं सगळ्यात भारी असली तरी त्याला १२० च, कारण ४० लावून समोरच्या प्रत्येकाकडून ४० च जिंकता येतात. आधी पॅक झालेल्यांचे ब्लाइंड वगैरे मुख्य पॉटमध्ये घाला. चिप्स प्रत्यक्ष वेगळ्या ढिगांत ठेवा, मनात हिशेब नको.

---

सरळमार्गी

रसभंग करतो, माफ करा. हा जुगारच आहे ना? कायद्याने चालतं का?

---

हिशेबनीस

प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर देशभर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळलंय, नागालँडने २०१६ च्या कायद्यात कौशल्याच्या खेळांत घातलंय, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर नशिबाचा खेळ मानला. त्यामुळे 'कौशल्य आहे, काही होत नाही' असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. पैसे न लावता खेळलात तर प्रश्नच मिटतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: नाल. यजमानाने प्रत्येक पॉटमधून जागेचे, चिप्सचे, वड्यांचे म्हणून दोन-पाच रुपये कापणं. जागा वापरू देऊन फायदा काढणं हीच जुगार अड्ड्याच्या व्याख्येची मुख्य खूण आहे. फराळाचा खर्च आधी वेगळा वाटून घ्या, पॉटला हात नाही. बागेत, गच्चीवर, सोसायटीच्या हॉलमध्ये खेळू नका, आणि घरातल्या पोरांना टेबलावर बसवू नका.

आणि सरावासाठी मोबाइलवर पैसे लावू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय, कौशल्याचा असो वा नशिबाचा.

---

टेक्सासकर

इकडची भर. टेक्सासच्या पीनल कोडच्या ४७.०२ कलमात तीन अटी सांगितल्यात: जागा खाजगी हवी, जिंकलेल्या पैशांखेरीज कुणाला आर्थिक लाभ नको, आणि जिंकण्या-हरण्याचा धोका सगळ्यांना सारखा हवा. म्हणजे इथेही अडचण नालेचीच. इतर राज्यांत नियम वेगळे, आपापलं बघून घ्यावं. रच्याकने, या खेळाचं जन्मगाव म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउनचं नाव घेतलंय.

---

पाचवं_पान

थोडं गणित राहिलं, पण पहिल्या दिवशी एवढंच शिकवा.

आपल्याला हवी असलेली पानं मोजायची. दोन पानं यायची असतील तर त्याला ४ ने गुणा, एकच यायचं असेल तर २ ने. तेवढे टक्के. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम: उरले ९. म्हणजे फ्लॉपवर साधारण ३६ टक्के (अचूक ३५), टर्ननंतर १८ (अचूक १९.६). दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट, ८ पानं. मधलं पान हवं असेल तर ४ च.

मग किंमत. टर्नला पॉट ३०, समोरच्याने १५ लावले. तुम्ही १५ घालून ४५ जिंकणार, एकूण ६० मध्ये तुमचे १५, म्हणजे २५ टक्के संधी हवी. बदामांची संधी २० टक्क्यांच्याही आत. सोडा. 'आता इतके घातलेत तर' हा तीन पत्तीतला युक्तिवाद इथे महाग पडतो, घातलेले पैसे आता पॉटचे आहेत.

सुरुवातीची पानं कोणती खेळायची? जोड्या, दोन मोठी चित्रं, एक्का आणि त्याच रंगाचं पान. बाकी सोडायचं. नवखे पहिल्या तासात 'दोन्ही किलवर आहेत' म्हणून सत्ती-दुर्री खेळतात. दोन एकरंगी पानांवर फ्लॉपलाच पूर्ण फ्लश लागायची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. हातातल्या जोडीचे फ्लॉपवर तीन व्हायची शक्यता साडेआठात एकदा.

आणि दोन एक्के आले तरी लपवून ठेवू नयेत. एकाविरुद्ध ते ८५ टक्के जिंकतात, पण पाचहीजणांना २-२ रुपयांत आत येऊ दिलं तर निम्म्याहून किंचित कमी.

यजमानांना वेगळी सूचना: सगळे बरोबरी करत बसतील तिथे ब्लफ मारू नका, कुणी पळणार नाही. आणि तुम्हाला येतं, त्यांना येत नाही. पहिल्या दिवशी त्यांचे खिसे रिकामे केलेत तर भाऊबीजेला कुणी फिरकणार नाही.

---

पाडव्याचा_यजमान

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्या छापायला टाकल्या. एक शेवटची शंका: चारजण निघून गेले आणि दोघेच उरले तर ब्लाइंड कसे? डावीकडचे दोघे कुठून आणायचे?

---

तिसरा_पंच

दोघांत बटणवालाच लहान ब्लाइंड टाकतो, समोरचा मोठा. फ्लॉपआधी बटणवाला पहिला बोलतो, फ्लॉपनंतर समोरचा पहिला. तिघांवरून दोघांवर येताना एकाच माणसावर लागोपाठ दोनदा मोठा ब्लाइंड येत नाही ना ते बघा. येत असेल तर बटण त्याच्याकडे द्या, समोरचा मोठा टाकेल.